घ्या अजून थोडे

आमच्या गावच्या कोर्टात सध्या खुनाच्या कटाचा एक खटला चालू आहे. मोठ्या भावाने आणि भावजयीने धाकट्याला घरी नाश्त्याला बोलावून मारलं, असा आरोप आहे. रविवारी दामूअण्णांकडे जमलो की आम्ही चार मित्र त्यावरच वाद घालतो.

काल विषय होता शवविच्छेदनाच्या अहवालाचा. पोटात न पचलेले पोहे सापडले होते, आणि मृत्यूची वेळ त्यावरूनच ठरणार होती.

"पोहे पचायला तीन तास लागतात," दामूअण्णा म्हणाले.

"छे, नीट भिजलेले असतील तर दीडच," मी ठासून सांगितलं. शेंगदाण्यांवरूनही बराच वेळ भांडलो. आमच्या हातातही पोह्यांच्याच बश्या होत्या, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मग दामूअण्णांनी पेपरमधली शेजारणीची साक्ष वाचली. तिने भिंतीपलीकडून भावजयीचा आवाज ऐकला होता. "भावोजी, असं काय करता, अजून थोडे घ्या ना."

दामूअण्णांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. ते पोहे वाढले कुणी, हे महिनाभरात आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. आरोप खरा असेल, तर वर खोबरं भुरभुरताना तिला पुढचं सगळं ठाऊक होतं. तरी तिने आग्रह केला. तो आधी नको म्हणाला असेल, मग तिचं मन मोडायला नको म्हणून त्याने बशी पुढे केली असेल. आपण सगळे तेच करतो.

तेवढ्यात दामूअण्णांच्या घरच्या वहिनी कढई घेऊन बाहेर आल्या.

"भावोजी, एवढेच? घ्या अजून थोडे."

गेली पंचवीस वर्षं त्या मला असंच वाढतात. मी बशीवर आडवा हात धरला, आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.