कानात सांगितलेले नाव

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला आजही वाटत नाही. आयुष्यभर मुलांची शुद्धलेखने तपासली. स्वतःचे पान सत्तरीनंतर प्रथमच लिहिते आहे. उणे-अधिक वाचकांनी पोटात घालावे.

धाकट्या भावाला मुलगी झाली, तेव्हा मी सांगवीच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. संस्कृत शिकताना भेटलेला एक शब्द मी जपून ठेवला होता : नीलिमा. नील म्हणजे निळा. नीलिमा म्हणजे निळेपणा, भाद्रपद सरल्यावर आकाशाला येतो तो. गावात हे नाव तोवर कुणाचेच नव्हते.

आईला आधी सांगून पाहिले. "रंगाचं नाव ठेवत्यात व्हय पोरीचं? उद्या दुसरी झाली की पिवळी म्हण!" तिला तिच्या वारलेल्या सासूचे नाव हवे होते.

बारशाला मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'नीलिमा' म्हटले. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. आता नाव मोठ्याने सांगायचे होते. एवढी माणसे पाहून मी पाळण्याची दोरीच सारखी करत बसले. आईने वाट पाहिली नाही. सासूचे नाव पुकारले आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या.

पुढे पिंपरीला कारखाना आला, वसाहत झाली. तिथल्या एका साहेबांच्या मुलीचे नाव नीलिमा निघाले आणि गावाला ते एकाएकी गोड वाटू लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तरीणबाई, त्या निळ्या नावाचा अर्थ सांगा की. नातीला ठेवायचंय." मी सांगितला. तीन घरी सांगितला. चीड येई, ती माझीच मला.

मग भाऊ भाचीला शाळेत घालायला आला. दाखल्यांची वही माझ्यापुढे, टाक माझ्या हातात. मी थांबलेली पाहून तो हसला. "लिव्ह की आक्का, नाव ठाव न्हाई व्हय तुला?" दुसरे लिहू का, एवढेच विचारायचे होते. त्याने कदाचित मान डोलावलीही असती. मी पणजीचेच नाव लिहिले. पुढच्या दोन-तीन वर्षांत शाळेत तीन नीलिमा आल्या. तिघींची हजेरी मीच घेत असे.

भाची आता आजी होणार आहे, नातवंडासाठी नावे शोधते आहे. परवा म्हणाली, "आत्या, एवढी शिकलेली तू, माझ्या वेळी तुला काहीच कसं सुचलं नाही गं?" मी चहा ओतत राहिले.

तिला आता सांगावे का?