गाड्यांची नाडी बघणाऱ्या आजी

आजींनी माझ्या गाडीला पहिल्यांदा हात लावला तेव्हा मला वाटलं, धूळ बघताहेत. पण पनवेलमध्ये गाडीवरची धूळ मुद्दाम कोण बघतं? त्यांनी बोटही फिरवलं नाही. उजवा तळहात बॉनेटवर सपाट ठेवला, मान जराशी कलती केली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, तशा. मग खिडकीशी येऊन काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

"चालू आहे. बंद करा."

"आजी, क्रोसिन देऊ का तिला?" मी म्हटलं. माझी जीभ मेंदूला विचारून हलत नाही, हा जुनाच आजार आहे.

शेजारचा रिक्षावाला फिसकन हसला. आजी हसल्या नाहीत. "आधी बंद करा, मग विनोद करा," म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

आमच्या पोरांच्या शाळेची गल्ली तुमच्याही ओळखीची असणार. नाव वेगळं असेल, एवढंच. एका बाजूला शाळेची भिंत आणि गेट, दुसऱ्या बाजूला गटार, त्यावरच्या फरश्या काही जागेवर, काही गायब. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी गल्ली भरायला लागते. व्हॅन, रिक्षा, स्कूटर आणि आमच्यासारख्यांच्या एकेका पोराला न्यायला आलेल्या सात सीटांच्या गाड्या. सगळ्या एकामागे एक नाकाला शेपूट लावून उभ्या आणि सगळ्यांची इंजिनं चालू. का, तर आता सुटेलच. अर्धा तास झाला तरी आता सुटेलच. बाहेर ऊन, आत एसी आणि मागच्या नळीतून निघणारा धूर बरोबर पहिलीतल्या पोराच्या नाकाच्या उंचीवर. शाळा सुटली की पोरं दोन बंपरांमधल्या फटींतून अंग चोरून पलीकडे जायची. ते पाहून कुणालाच काही वाटायचं नाही. आजी सोडून.

त्या तामारच्या आजी. तामार माझ्या ओजसच्या वर्गात. कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. कोकणात इतक्या पिढ्या काढलेली ही माणसं, की आजींचं आडनाव अलिबागेकडच्या एका गावावरून पडलेलं आणि सुरमईचं कालवण कसं करावं यावर त्या माझ्या बायकोशी भांडायच्या. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजात झाली, ऑपरेटर म्हणून. कानाला सतत हेडफोन. त्यानंच की वयानं कोण जाणे, डावा कान जवळजवळ गेलेला.

"हल्लीच्या गाड्या बोलतच नाहीत हो," त्या सांगायच्या. "आणि बोलल्या तरी मला कुठलं ऐकू येतंय? म्हणून हात लावते."

गल्लीनं त्यांना 'तापवाल्या आजी' असं नाव ठेवलं होतं. त्या नावाचा जनक कोण, हे सांगून मी स्वतःची आरती ओवाळून घेणार नाही. एकदा मी त्यांची फजिती करायचं ठरवलं. कळंबोलीहून तापलेली गाडी घेऊन आलो आणि इंजिन बंद करून शहाण्या बाळासारखा बसलो. आजी आल्या, हात ठेवला. आता म्हणतील ताप आहे, आणि मग मी यांना बंद इंजिन दाखवीन! पण आजींनी हात उचलला, मान डोलावली आणि चालू लागल्या. मलाच राहवलं नाही. काच खाली करून ओरडलो, "आजी, बॉनेट केवढं गरम आहे! ताप नाही का?"

"ताप असू दे. मी ताप नाही बघत, नाडी बघते. तुमची नाडी बंद आहे, उत्तम आहे." मग थोडं थांबून, "म्हणजे गाडीची."

त्या दिवसापासून त्या 'नाडीवाल्या आजी' झाल्या आणि मी गल्लीत काही दिवस 'नाडी बंद' या नावाने ओळखला गेलो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. तामार गेटातून बाहेर आली की तिला भिंतीशी उभं करायचं. जिथून पलीकडे जायचं त्या फटीमागच्या गाडीच्या नाकावर हात ठेवायचा. थरथर लागली तर काचेवर टकटक, आणि गाडी बंद होईपर्यंत तामार जागची हलायची नाही. गाडी बंद झाली की आजी फटीत उभ्या राहणार आणि तामारच्या मागून आणखी दहाबारा पोरं बदकांच्या पिल्लांसारखी निघून जाणार. ओजस मात्र त्या रांगेत कधी नसायचा. त्याला बापाची घाई मिळालेली.

कोन गावचा गणूदादा व्हॅनवाला सुरुवातीला फार कुरकुरायचा. "आजी, बंद केली त परत चालू नाय होयाची. बॅटरी मेलीय माजी. मंग तुमी ढकलाल का?"

"ढकलीन. पण आधी बंद कर."

"एवढं काय भिताव तुमी? गाडी उभीच हाय ना!"

"तेच तर," आजी म्हणाल्या. "हे बघ गणू, झोपलेला कुत्रा आणि उठून उभा राहिलेला कुत्रा पोरांना ओळखता येतो. झोपलेल्याच्या बाजूनं जातात, उठलेल्यापासून लांब राहतात. तुमच्या गल्लीत सगळेच कुत्रे उठून उभे. पोरानं भ्यायचं कोणाला? मग ते कोणालाच भीत नाही. मला त्याची भीती वाटते."

गणूदादा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हातारी लय भित्री हाय."

आजींचा चांगला कान तिकडेच होता. "आहेच मी भित्री," त्या म्हणाल्या. "मला लिफ्टची भीती वाटते, गॅसची वाटते, गटारावरच्या या फरश्यांची वाटते. या गल्लीची तर सकाळपासूनच वाटते. पण न्यायला दुसरं कोण आहे? मुलगा-सून दोघं नोकरीवर."

मी हसलो होतो. खरं तर भीती हा माझा धंदा. मी विमा विकतो. लोकांच्या दिवाणखान्यात बसून, त्यांचाच चहा पिऊन, "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर" हे वाक्य मी असं म्हणतो की समोरच्याचं बिस्कीट चहात पडतं. पण दुसऱ्याला औषध देणारा स्वतः कुठे घेतो? मला वाटायचं, बरंवाईट ही गिऱ्हाइकांना होणारी गोष्ट आहे.

त्याच सुमारास मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही, किल्लीही फिरवायची नाही, बटण दाबायचं. ब्रेकवरून पाय काढला की ती आपोआप हळूच पुढे सरकते. रांगेत सरकायला इतकी सोयीची, की मी गल्लीत उभा असताना ती तशीच गिअरमध्ये ठेवून नुसता ब्रेकवर पाय देऊन बसायचो. शोरूमच्या पोरानं असं करू नका म्हणून सांगितलं होतं. मी त्याला माझा ड्रायव्हिंगचा अनुभव ऐकवला होता.

त्या दुपारी माझ्यापुढे गणूदादाची व्हॅन होती. व्हॅन आणि माझं बंपर यांच्यात दोन माणसं मागेपुढे जेमतेम उभी राहतील एवढी फट. शाळा सुटल्याची घंटा झाली. आजी आल्या, बॉनेटवर हात ठेवला, मान कलती केली आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. चालू आहे, हे त्यांना कळलं होतं. मी काय करावं? डॉक्टरांपुढे पेशंट काढतो तशी जीभ बाहेर काढून दाखवली.

तेवढ्यात ओजससाठी आणलेला समोसा डॅशबोर्डवरून घरंगळला आणि पायाशी पडला. मी वाकलो.

वाकताना पाय उचलला गेला, हे मला कळलं नाही. गाडी सरकली, हेही कळलं नाही. तिचा आवाज झालाच नाही. माझं डोकं स्टिअरिंगच्या खाली, हातात समोसा, आणि वर बॉनेटवर धप्प, धप्प.

मान वर केली तेव्हा आजींचे दोन्ही हात बॉनेटवर होते. त्या गाडीला ढकलत होत्या. व्हॅनचं मागचं दार त्यांच्या पाठीपासून जेमतेम हातभर. बाजूला व्हायला जागा होती, पण त्या होत नव्हत्या, कारण त्यांच्या मागे दोन डोकी होती. बापाची गाडी ओळखून ओजस न थांबता फटीत घुसला होता आणि त्याला मागे ओढायला तामार भिंत सोडून आली होती. आजींचं तोंड उघडं होतं. त्या काहीतरी ओरडत होत्या आणि माझ्या काचा बंद होत्या. एसीचा गार वारा तोंडावर येत होता.

पाय ब्रेक शोधायला लागला. शेजारी-शेजारी दोन पेडल. त्या क्षणी त्यातलं ब्रेकचं कुठलं ते माझ्या पायाला आठवेना. नंतर लोक म्हणाले, वेळेवर ब्रेक दाबलास. मी दाबला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाय पडला, तो ब्रेकवर पडला. शेजारच्या पेडलवरही पडला असता.

गाडी थांबली. मी बटण दाबून ती बंद केली, दार उघडून बाहेर आलो. ओजस आजींच्या काखेतून डोकं काढून आनंदानं ओरडत होता, "बाबा, तामारच्या आजीनं गाडी अडवली! हातानं!" त्याला तो खेळ वाटला होता. तामारला नव्हता वाटला. तिनं आजीच्या पदरात तोंड खुपसलं होतं.

आजींचे हात अजून बॉनेटवरच होते.

"बंद केलीत?"

"केली आजी."

"नक्की?"

"हो आजी. बंद आहे."

"मला अजून लागतेय," त्या म्हणाल्या.

मी बॉनेटला हात लावला. गाडी बंदच होती. थरथरत होते ते आजींचे हात. गणूदादा व्हॅनमधून उतरून आला होता. त्यानं त्यांचे हात एकेक करून उचलले आणि त्यांना व्हॅनच्या पायरीवर बसवलं. मग पुढे जाऊन व्हॅन बंद केली. त्या मेलेल्या बॅटरीनं नंतर ती पहिल्या झटक्यात चालू झाली, हे मी तरी कुणाला सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं, तक्रार होईल. झाली असती तर बरंही वाटलं असतं. झालं ते वेगळंच. दोन दिवसांनी आजींचा फोन आला. "ओजसचे बाबा, गुरुवारी संध्याकाळी घरी या. बायकोलाही आणा. मलिदा आहे."

मोठ्या ताटात गोड पोहे, वर खोवलेलं खोबरं, भोवती फळं. आजींच्या मुलानं प्रार्थना म्हटली. त्यातलं मला एलियाहू हन्नबी एवढंच नाव कळलं. ते यांचे प्रेषित. संकटातून सुटलं की त्यांच्या नावानं मलिदा करायचा, ही यांची रीत. मी प्रसादासाठी पुढे करतात तसा हात केला, तर आजी म्हणाल्या, "बशीत घ्या, ओंजळीत मावायचा नाही."

"आजी, मला कशाला बोलावलंत?" मी हळूच विचारलं. "मी तर..."

"हात गाडीवर होते तेव्हाच बोलले होते मी, पोरं वाचली तर मलिदा करीन. वाचलेल्या सगळ्यांना बोलवायचं असतं." त्यांनी माझ्या बशीत केळ्याची फोड ठेवली. "तुम्हीपण वाचलात ना. सगळ्यांत जास्त तुम्हीच."



पुढच्या वर्षी त्यांचं सगळं घर इस्राएलला निघालं. मुलगी तिथं आधीपासून होती, आता मुलगाही चालला. शेवटच्या दिवशी आजी गल्लीत आल्या त्या राउंडला निघालेल्या मोठ्या डॉक्टरांसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक बॉनेटवर हात ठेवत. मी सोबतीला होतो. विचारलं, "आजी, तिकडे जायची भीती नाही वाटत? बातम्या बघता ना?"

"वाटते की. मला कुठे नाही वाटत?" त्या म्हणाल्या. "पण तिकडे हल्ला यायच्या आधी भोंगा होतो म्हणे. भोंगा झाला की धावत घरातल्या पक्क्या खोलीत जायचं, दार लावायचं. इथं भोंगे सगळेच वाजवतात आणि धोका येतो तो गुपचूप."

गेल्या. गल्ली काही बदलली नाही. एक-दोन आठवडे लोकांनी इंजिनं बंद ठेवली, मग ऊन वाढलं. मी गाडी वडाळे तलावापाशी लावतो आणि चालत येतो. माझ्यापुरता तेवढा फरक.

मध्ये एकदा तिकडच्या बातम्या फारच वाईट आल्या. मी निरोप पाठवला, सगळे ठीक ना? बऱ्याच वेळानं आजींचा आवाज आला. मागे पोरांची कुजबुज, कुणीतरी प्रार्थना पुटपुटतंय. "आम्ही खोलीत आहोत. तामार माझ्या मांडीवर आहे. ओजसचे बाबा, ओजस फटीत शिरायच्या आधी थांबतो ना?"

मी तो निरोप गल्लीत उभा राहूनच ऐकला. घंटा व्हायची होती. समोर एक मोठी काळी गाडी होती, काचाही काळ्या. मी पुढे झालो आणि तिच्या बॉनेटवर तळहात सपाट ठेवला. बारीक थरथर लागली. काचेवर टकटक केली. काच खाली आली. आत माझ्याच वयाचा एक बाबा मोबाइल बघत बसला होता.

"बंद करा," मी म्हटलं.

"बंदच आहे हो काका."

"नक्की?"

त्यानं मान डोलावली. मी परत हात ठेवला. गेट उघडलं, पोरं धावत निघाली. ओजस भिंतीशी थांबला होता, माझ्याकडे बघत, मी सांगायची वाट बघत.

मला अजून लागत होती.