उजव्या हाताची टोपली

रद्दी तीन दिवस भिजवली, चौथ्या दिवशी त्यात भिजलेली मेथी वाटून घातली आणि लगदा मळायला घेतला, की अर्ध्या अमळनेरला वास जातो. उरलेल्या अर्ध्याला दुसऱ्या दिवशी. मागच्या उन्हाळ्यात शेजारची बकरी त्या वासाने दावं तोडून आमच्या ओट्यावर आली, वाळत घातलेली टोपली काठापासून बुडापर्यंत फस्त केली आणि जाताना बाजारभावाच्या पानाचा ढेकर देऊन गेली. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते सगळे हसले. बकरीने काठाचा एक घास घेतला होता, पण एका घासावर कोण हसतं? नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही हसला. अर्ध्या तोंडाने. दुसरं अर्धं तोंड संक्रांतीनंतरच्या आठवड्यातच हसायचं थांबलं होतं.

गल्ली यांना आबा म्हणते, म्हणून इथे मीही आबाच म्हणते. आबा बाजार समितीत मापाडी. धान्य तोलणं हा त्यांचा धंदा, आणि उजवा हात हा त्यांचा काटा. इलेक्ट्रिक काटे आले तरी व्यापारी आधी आबांच्या तोंडाकडे बघायचे, मग आकड्याकडे. गोणीच्या कानाला धरून एक हिसका दिला की आबा सांगणार, "छटाकभर कमी शे." लग्नात मी हार घातला तेव्हा हा माणूस मान हलवून भटजींना म्हणाला होता, "माझा हार हिच्या हारापेक्षा जड आहे." भटजी अजून जिवंत आहेत, विचारा. नाही विचारलंत तर बरं.

लकव्यानंतर तो हात जळगावच्या दवाखान्यातून परत आला तो ओल्या टॉवेलसारखा. खांद्यापासून लोंबकळायचा. झोपताना मी उचलून पोटावर ठेवायची, ते कुशीवर वळले की परत खाली.

व्यायाम शिकवायला दर गुरुवारी एक मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दिला, दाबायला. आबांनी डाव्या हाताने तो मोरीत फेकला.

"चेंडू? मी काय पोऱ्या शे?"

तेव्हा मला लगद्याचं सुचलं. माझी आई दर उन्हाळ्यात लगद्याच्या टोपल्या करायची. पातेलं पालथं घालायचं, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर लगद्याचे गोळे थापत बुडापासून काठापर्यंत यायचं. आधी सावलीत वाळवायचं, मग उन्हात. घाई करून थेट उन्हात ठेवली तर आमच्याकडचं ऊन तिचे तिथेच तुकडे करतं. चैत्रात सकाळी वाळत घातलेला रुमाल दुपारी पापड म्हणून तळता येतो, अशी आमची हवा. टोपली पातेल्यावरून सुटली की आत भाकरी ठेवा, शेंगदाणे ठेवा, वीस वर्षं मरत नाही. पण मला टोपली नको होती. मला तो हात लगद्यात हवा होता.

"बायकांचं काम," आबा म्हणाले.

"मग बायकांसारखे बोलत बोलत करा," मी म्हटलं. "आणि लवकर करा. दसऱ्याला नवा मका येतो. तोलायला कोण, मी जाऊ?"

दसरा. आमच्या घरात तेवढी एकच तारीख उरली होती. सगळं तिच्या अलीकडे किंवा पलीकडे.

पहिल्या दिवशी त्यांचा उजवा हात मी लगद्यात ठेवला. बोटं दाबत नव्हती, नुसती घसरत होती. डाव्या हाताच्या बाजूला थर कळण्याच्या भाकरीएवढा जाड, उजव्याच्या बाजूला फडकं दिसत होतं. तासाभराने आबांना घाम फुटला. मी त्यांना निजवलं आणि येऊन ते पातेलं बघत बसले. मग जिथे फडकं दिसत होतं तिथे एक गोळा लावला. अंगठ्याएवढा. मग वाटलं, एकच लावला तर बेढब दिसेल. म्हणून दुसरा.

दुपारी उठून आबांनी ती टोपली पाहिली. बराच वेळ पाहिली. आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. संक्रांतीनंतर पहिल्यांदा. आता सांगा, दुसऱ्या दिवशी मी काय करायला हवं होतं?

रोज सकाळी आबा लगदा थापायचे, दुपारी ते निजले की मी भरायची. रंगही मीच दिला, गेरू आणि वर पांढरी नक्षी. खुंट्या संपल्या, मग टोपल्या कपाटावर चढल्या. आणि मी बोलायला लागले. ते तर मला रोखताच येत नाही. शेजारणीला सांगितलं, आबांनी उजव्या हाताने विळीवर कैरी चिरली. किराणावाल्याला सांगितलं, पोतं उचललं. धुळ्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं, "तुमचे भाऊ सुई ओवतात हो, चष्मा न लावता." नणंदेने ते निम्म्या धुळ्याला सांगितलं असणार, दोंडाईच्याहून कुणाचा तरी फोन आला, कुठलं तेल चोळता म्हणून. मी एक तेल सांगितलंसुद्धा. आबा कॉटवर बसून हे सगळं ऐकायचे. त्यांना वाटायचं, थोडं वाढवून सांगते. पण मुळात काहीतरी आहे म्हणूनच वाढवते.

व्यायामाची मुलगी मात्र एका गुरुवारी चपला घालता घालता हळूच म्हणाली, "अक्का, टोपल्या छान आहेत. पण आबांची बोटं मला त्यात दिसत नाहीत. जे यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांत येतं." मी तिला एक टोपली भेट दिली. तिने घेतली नाही.

मृगात शेठ आले. आबांनी पंचवीस वर्षं ज्यांचं धान्य तोललं ते व्यापारी. खुर्चीवर टेकून म्हणाले, "आबा, गेटावर बसा. आलेल्या गाडीचा माल बघायचा, पोरगा लिहून घेईल. हाताचं काम नाही, डोळ्याचं आहे. तुमच्याएवढा डोळा कुणाचा?"

हात परत येतोय, असं आबांनी ठासून सांगितलं. "हात ई राहिना, शेठ. दसराले काट्यावर येस मी."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या नजरेत विचारणं होतं. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी कपाटावरची सगळ्यात सुबक टोपली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही बघा. कालची. उजव्या हाताची."

शेठनी ती फिरवून पाहिली, बोटाने वाजवली. "मग तर प्रश्नच मिटला," म्हणाले. चहा पिऊन गेले. आबा त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले, पाय ओढत, पण छाती काढून.

भादव्यात पावसाने उघडीप दिली नाही. टोपली दोन-दोन दिवस ओलीच. एका सकाळी आबांनी थापून स्वतःच ओट्यावर नेऊन ठेवली, दुपारी मी भरली, आणि संध्याकाळी शिंतोडे येतात म्हणून आबांनी ती पातेल्यासकट डाव्या हाताने उचलून आत आणली. दारात थांबले. खाली ठेवली. परत उचलली.

"सकाळपेक्षा जड शे."

"पावसाची हवा. ओल धरली असेल."

"ओल धरीसन पावशेर वाढस का?"

मी हसले. मला वाटलं होतं, तोल उजव्या हातात होता, तो हातासोबत गेला. तो डाव्यातही होता, आणि एवढे महिने मला ते सुचलं नव्हतं. बाकी सगळ्यांना फसवायची तयारी होती माझी, या एका गोष्टीची नव्हती.

आबा कॉटवर बसले. "बठ्ठ्या आण."

मी सगळ्या टोपल्या आणल्या. खुंटीवरच्या, कपाटावरच्या, भाकरीची, शेंगदाण्याची. आबा एकेक डाव्या तळव्यावर घ्यायचे, थोडं वरखाली करायचे, अंगठा आतून फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे. "हाई निम्मी तुनी." पुढची. "हाई निम्म्यापेक्षा जास्त." असं करत शेवटच्या टोपल्यांपर्यंत आले. मला वाटलं होतं, निदान पुढे पुढे त्यांचा वाटा वाढला असेल. मी तरी कुठे मोजला होता? वाढला नव्हता. उलट प्रत्येक टोपलीत तो कमी कमी होत गेला होता. मीच भरायला सरावले होते.

शेठना दाखवलेली टोपली त्यांनी सगळ्यात जास्त वेळ हातात धरली.

"याम्हा मी कितला?"

मी बाजूच्या टोपल्या एकात एक रचायला लागले. 

दुसऱ्या दिवशी आबांना न सांगता मी बाजार समितीत गेले. गेटावर खुर्ची होती, खुर्चीवर दुसरा माणूस. कुणाचा तरी भाचा, मोबाईल बघत बसलेला. शेठना दुकानात गाठलं आणि सगळं सांगितलं, या वेळी एक शब्दही न वाढवता.

शेठ वाईट माणूस नाही. पाणी मागवलं. मग म्हणाले, "अक्का, महिनाभर खुर्ची रिकामी ठेवली होती मी. टोपली तुम्हीच दाखवली ना? आता त्या पोराला उठवू कसा?"

घरी आले तर आबा तसेच बसलेले. घमेल्यात लगदा आंबून फसफसत होता. मी तो उकिरड्यावर टाकून आले. आबांनी विचारलं नाही कुठे गेले होते. गेटाचंही नाही. ती खुर्ची गेल्याचं त्यांना कळलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी नणंदेचा धुळ्याहून फोन आला. फोन कॉटवर, आमच्या दोघांच्या मध्ये, आवाज मोठा करून ठेवलेला. "वहिनी, भाऊ मक्याला जाणार ना? मी येते बघायला. नवा सदरा घेतलाय त्यांच्यासाठी."

"हात आला नाही, ताई," मी म्हटलं. "सुई नाही, कैरी नाही, काही नाही. टोपल्या मी केल्या. हात आता येणार नाही."

 नणंद खदखदून हसली. "वहिनी, तू पण ना! माझा जीव गेला असता. आता काय नवीन चाललंय त्यांचं, ते सांग."

"ताई, खरं सांगते आहे."

"हो हो, माहितेय तुझं खरं."

ती हसतच राहिली. मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, पण आबांनी डाव्या हाताने फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि बहिणीला म्हणाले, "खरं शे. तू नको येऊ."