मी, मावा आणि वसंताभाऊ

कीटकनाशकांच्या दुकानात काउंटरवर उभं राहा, महिन्याभरात वहीभर किस्से जमतात. आमच्या दुकानात मात्र सगळे वसंताचेच जमतात, हे माझं दुखणं! मी बी.एस्सी. ॲग्री, तो बारावी. काउंटर एकच.

* * *

हिंगण्याकडचा एक शेतकरी बरबटीचं, म्हणजे चवळीचं, पान घेऊन आला. पानाखाली काळा मावा. रस शोषणारी कीड, औषध, प्रमाण, मी सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि बाकावर जाऊन बसला. "वसंताभाऊले चहा पिऊन येऊ द्या."

अर्धा तास बसला! वसंतानं येऊन पान उलटं केलं आणि मी काढून ठेवलेलीच बाटली त्याला दिली.

जाताना तो मला म्हणतो, "पाहत जा साहेब, शिकाले भेटते!"

* * *

मालकांनी गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मी माव्यावर सात मिनिटांचा व्हिडिओ टाकला. चार अंगठे आले. वसंतानं नुसता आवाज टाकला, "फवारल्यावर लगेच भाजीचा तोडा नका करू गा, लोकं खातात ते!"

संध्याकाळी तो मलाच फॉरवर्ड होऊन आला. माझ्या सख्ख्या साळ्याकडून!

* * *

एकदा त्यानं कोबीवाल्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. "माव्याले खाणारे ढालकिडे आहेत यावर. चार दिवस थांब, औषध नको मारू."

मालक समोरच! आता झापणार, मी मनातून खूश.

आठवड्यानं कोबीवाला पोतंभर कोबी आणि गावातली तीन गिऱ्हाइकं घेऊन हजर. मालक माझ्याकडे वळले. "तूही कधीकधी काही नको विकत जाऊ!"

* * *

म्हणून मीही तेच केलं. देवराव वांगीवाल्याला पान न उलटताच सांगितलं, "चार दिवस थांबा." त्याच्या वांग्यावर ढालकिडा एक नव्हता. पानं आकसली, चिकट काळी पडली. देवराव रडवेला.

रविवारी वसंता त्याच्या शेतात गेला, स्वतः पंप पाठीवर घेतला. अर्धी वांगी वाचली. मालकांना मात्र एक शब्द बोलला नाही. लेकानं निदान चहाडी तरी करायची! मला धड त्याचा रागही करता येईना.

* * *

परवा बायकोचा फोन आला. नंदनवन भागात आमच्या घराच्या गच्चीवर तिनं वालाचा वेल चढवला आहे.

"अहो, शेंगांवर मावा आला. सारा वेल काळा होऊन राहिला."

"संध्याकाळी औषध घेऊन येतो वं," मी म्हणालो.

"आणा ना. पण आधी जरा वसंताभाऊले फोन द्या."