एक अक्षरही न बदलता

माझ्या नवऱ्याचा प्रबंध जपानच्या राज्यघटनेतल्या नवव्या कलमावर आहे. तो मार्चमध्ये वारला. शेवटचं प्रकरण तपासून पाठवायचं काम त्याच्या प्राध्यापिकेने माझ्याकडे दिलं. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी रोज चार पानं वाचते.

जपान युद्धाचा त्याग करतो आणि सैन्य ठेवणार नाही, असं ते कलम म्हणतं. पण स्वतःच्या बचावाला मनाई कुठे आहे, असा अर्थ लावला गेला आणि स्वसंरक्षण दल आलं. फक्त बचावासाठी, असं म्हणत रणगाडे आले, जहाजं आली. पुढे मंत्रिमंडळाने ठरवलं की मित्रदेशावर हल्ला झाला तरी काही वेळा लढता येईल. मग दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रं. प्रत्येक पायरीला कारण होतं. कलमातलं एक अक्षरही बदललं नाही.

आजाराचं निदान झालं तेव्हा त्याने आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक कागद सही करून दिला. ‘मला मशीनवर जगवू नये.’ बस.

“एवढंच? नीट सविस्तर लिही की,” मी म्हटलं.

“आपली घटना केवढी सविस्तर आहे, थांबली का भांडणं? अर्थ लावायला तू आहेस ना.” बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना म्हणाला, “फक्त त्या मंत्रिमंडळासारखं करू नकोस, बाई.”

आम्ही हसलो होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याला श्वास पुरेना. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने तो कागद समोर ठेवून विचारलं, मास्क चालेल का? मी म्हटलं, मास्क म्हणजे मशीन नव्हे. चौथ्या दिवशी घशात नळी घालायची वेळ आली. मी म्हटलं, दोन दिवसांपुरती. हे जगवणं नाही, सावरायला वेळ देणं आहे. नंतर मूत्रपिंडं थांबली आणि डायलिसिसचा प्रश्न आला. मी म्हटलं, ते रक्तासाठी आहे, श्वासासाठी नाही. “तुम्हीच त्यांना ओळखता,” असं म्हणून डॉक्टर दर वेळी लिहून घेत होती. अकराव्या दिवशी तो गेला, तेव्हा सगळं चालू होतं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पुण्यानुमोदनाला आलेले लोक म्हणाले, तू सगळं केलंस. मी मान डोलावली.

काल प्राध्यापिकेचा ईमेल आला. मंत्रिमंडळाच्या त्याच निर्णयाला त्याने एका पानावर ‘अन्वयार्थ’ म्हटलंय आणि शेवटच्या पानावर ‘उल्लंघन’. दोन्हीपैकी कोणता शब्द ठेवायचा? तुम्हाला जो योग्य वाटेल तो, असं तिने लिहिलं होतं.

मी त्याच्या सगळ्या फाइली उघडून तारखा पाहिल्या. जानेवारीपर्यंत सगळीकडे ‘अन्वयार्थ’ होता. हॉस्पिटलमध्ये जायच्या आठवड्यात त्याने शेवटचं पान पुन्हा लिहिलं होतं. बाकीची पानं बदलायची राहून गेली असावीत.

मी उत्तर लिहिलं. दोन्ही ठिकाणी ‘उल्लंघन’ करा. लेखकाचा शेवटचा शब्द तोच आहे.

मग पुढची चार पानं घेतली.