बोरसेबाईंची मोडक्या वस्तूंची पिशवी

बोरसेबाईंच्या खांद्याला कायम दोन पिशव्या असत. एकीत डबा, पाण्याची बाटली आणि रंगांच्या पेट्या. दुसरीत मोडक्या वस्तू. बंद पडलेली इस्त्री, किल्ली न फिरणारं कुलूप, न उघडणारी छत्री, चेन निघालेली पर्स, एक चाक गेलेली खेळण्यातली मोटार. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत त्या चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायच्या आणि मी इंग्रजी. मधल्या सुट्टीत त्या नववी-दहावीच्या मुलांमध्ये जाऊन बसत, पिशवीत हात घालत, हाताला लागेल ती वस्तू समोरच्याच्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "मोडेल शे, मरेल नही." मोडलेलं आहे, मेलेलं नाही. ही त्यांची अहिराणी. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. यापुढे काही सांगत नसत. दुरुस्त कर असंसुद्धा नाही. वस्तू घरी न्यायची आणि पुढच्या आठवड्यात परत आणायची, एवढंच.

मग त्या बघत बसत. कोणी ती वस्तू खोलून आणी, कोणी न खोलता पुसून लखलखीत करी, कोणी मित्राच्या मागे लागून त्याच्याकडून करून घेई, कोणी तिचं चित्रच काढून आणी. त्यावरून बाईंचं मनाशी ठरे: हा फिटर, ही शिवणकाम, हा कॉम्प्युटर, आणि तो ज्याने दुसऱ्याकडून काम करून घेतलं तो दुकान चालवणार. दहावीचा निकाल लागला की त्या मुलांना घेऊन आयटीआयच्या दारात उभ्या राहत. डिंडोलीतल्या गल्ल्यांमधून इतकी मुलं त्यांनी या ना त्या ट्रेडला लावली की त्या भागात आजही कोणाचा पंखा बिघडला, तर येणारा माणूस बहुधा आमच्या शाळेचा निघतो.

सई, परवा तुझा मेसेज आला, म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या तिकडच्या शाळेत पुढच्या वर्षापासून अर्धा दिवस वेल्डिंग शिकता येतं, तुला ते घ्यायचं आहे, तुझी आई ऐकायला तयार नाही, आणि महिनाअखेरीस शाळेला कळवायचं आहे. हे सगळं लिहून शेवटी तू विचारलंस, "आजी, बोरसेआजींना विचारून सांगशील का, मी जाऊ का?"

मला नाही विचारलंस. बोरसेआजींना.

बाई गेल्या, सई. गेल्या महिन्यात. झोपेतच गेल्या. तुम्हाला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तेव्हा आता विचारायचं असेल तर मलाच विचारावं लागेल. पण त्याआधी तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला, निनादला, त्या कोण होत्या ते नीट माहीत असावं. तू त्यांना दोन दुपारी भेटली आहेस आणि निनाद तर तेव्हा पाळण्यात होता. आधीच सांगून ठेवते, मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या गेल्यावर तो जाईल असं वाटलं होतं. गेला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मलाही एक वस्तू दिली होती. मी बडोद्याहून इंग्रजी माध्यमात शिकून आलेले, बोरसेबाई डी.एड. झालेल्या. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर त्यांनी एक स्टेपलर ठेवला. पिन अडकून जाम झालेला.

"प्रधानबाई, हा घरी न्या," त्या म्हणाल्या.

"मी काय करू याचं?"

"ते मी कशाला सांगू?"

मी तो घरी नेला. कोणी चुकून वापरू नये म्हणून एका छोट्या डब्यात ठेवला, डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'नादुरुस्त स्टेपलर', आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं. बाई मोठ्याने हसल्या नाहीत. मान डोलावून म्हणाल्या, "तुम्ही नीट ठेवणाऱ्या. अशा माणसाची मला फार गरज होती. स्टेपलर असू द्या तुमच्याकडेच."

तेव्हापासून निकालाच्या दिवसांत मुलांच्या दाखल्यांचा सगळा भार माझ्या टेबलावर आला. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार, सगळं क्रमाने लावायचं, ऑनलाइन अर्ज इंग्रजीतून भरायचा. मी ते चोख केलं. प्रवेश मिळाल्यावर मुलं पेढे घेऊन येत आणि बोरसेबाईंच्या पाया पडत. मी शेजारच्याच खुर्चीवर असे. एखादा सुसंस्कृत मुलगा माझ्याकडे वळून "थँक्यू बाई" म्हणे. इंग्रजीत, माझा विषय म्हणून.

त्यांचे अंदाज चुकत नसत असं मात्र समजू नका. ज्याला त्यांनी मोठ्या विश्वासाने टर्नरच्या, म्हणजे लेथ फिरवायच्या, ट्रेडला घातलं, तो सहा महिन्यांत पळाला आणि पर्वत पाटियाच्या नाक्यावर उसाचा रस विकू लागला. मी ते आवर्जून लक्षात ठेवत असे आणि योग्य वेळी काढत असे. "तुमचा टर्नर भेटला होता, बोरसेबाई." त्या म्हणत, "चरक तर फिरवतोय ना? रस कसा आहे?" रस चांगला होता. ते मी सांगितलं नाही.

आता दीपालीची गोष्ट. आमचं खरं भांडण तिच्यावरून झालं.

दीपाली पाटील वर्गात पहिली. वडील लूमवर, आई घरी साड्यांना लेस लावायची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्या तासाला असं स्वच्छ इंग्रजी, की मी मुद्दाम तिला उभं करून धडा वाचून घेत असे. माझ्या मनात तिचं सगळं ठरलेलं होतं. अकरावी, बारावी, इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड., आणि मी निवृत्त होईन तेव्हा माझ्या खुर्चीवर ती. पुस्तकं मी देणार होते. तेही ठरलेलं होतं.

दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बोरसेबाईंनी तिच्या मांडीवर ती बंद इस्त्री ठेवली. मी पाहिलं आणि म्हटलं, "तिला कशाला? तिला अभ्यास आहे."

"राहू द्या की, प्रधानबाई. इस्त्रीच आहे. वाघ नाही."

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दीपाली वर्गात आली ती कडक घडीचा गणवेश घालून. ओढणीची एकेक चुणी उभी. रिबिनीलासुद्धा इस्त्री. पिशवी पुढे करून तिने इस्त्री बोरसेबाईंना परत दिली. "वायर आतून तुटली होती बाई. भाजी चिरायच्या सुरीने खोलली. आई ओरडली." बोरसेबाईंनी माझ्याकडे बघितलं फक्त. ते बघणं मला अजून सहन होत नाही.

निकाल लागल्यावर दीपालीच म्हणाली की तिला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचा आहे. मी तिच्या घरी गेले. बोरसेबाई आधीच तिथे बसलेल्या, हातात चहाचा कप. दीपालीची आई शिलाई मशीनवर लेस धावती ठेवूनच बोलत होती. मी सगळं मांडलं: बी.ए., शिक्षिकेची नोकरी, मान, पंख्याखालची खुर्ची. आई माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग ती बोरसेबाईंना म्हणाली, "पोर खांबावर चढी का आते?"

"चढी. तू खाले उभी ऱ्हाय."

"लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ना घरनी लाईट गई का त्याच बलावतीन तिले," बाई म्हणाल्या, आणि मग अगदी सावकाश, "माय, तुनी पोर हुशार शे. पन तिना हात तिनापेक्षा हुशार शेत."

दीपालीची आई तरीही नाही म्हणाली. मला आनंद झाला. पण मग बाईंनी त्यांची नेहमीची रीत काढली. कुठल्याही घरातून नकार आला की त्या मुलीला समजावत बसत नसत, बापाशी वाद घालत नसत. आईला रिक्षात घालून वर्कशॉप दाखवायला नेत. "पोरीला काय दाखवायचं? तिने मनात पाहिलंय. न पाहिलेलं आईने आहे," असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी रिक्षात त्यांनी मलाही बसवलं. "तुम्ही पण चला. तुम्हीही तिच्या आईच आहात." हे त्या चेष्टेने म्हणाल्या की मनापासून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आयटीआयच्या त्या लांब खोलीत लाकडी फळ्यांवर वायरी जोडलेल्या होत्या. तिथल्या सरांनी एका फळीशी दीपालीच्या आईला उभं केलं. ती पदर सावरून लांबूनच बघत होती. बाई म्हणाल्या, "दाब." तिने बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. बल्ब लागला. तिने तो बंद केला, परत लावला. असं कितीतरी वेळ चाललं. मग वळून बाईंना विचारलं, "हाई दीपाली करी? वायरपासून?" बाई हो म्हणाल्या. परत येताना रिक्षातच मला कळलं होतं की माझी मुलगी गेली. अर्ज अर्थातच मी भरला. सुवाच्य अक्षरात आणि एकही चूक न करता.

दीपाली आज पर्वत पाटियाकडच्या कापड मार्केटमध्ये दुकानांच्या वायरिंगची कामं घेते. हाताखाली माणसं आहेत. ती शिक्षिका झाली असती तर जास्त सुखी झाली असती, असं माझं मत होतं आणि थोडंसं अजून आहे. माझ्या घरचं कुठलंही काम निघालं की ती स्वतः येते. "बाई, टेन्शन नको. थई जशे," म्हणते, आणि काम होऊनच जातं. बोरसेबाईंकडे मात्र ती काही काम नसतानाही जायची. दर दिवाळीत आधी तिथे, मग माझ्याकडे. फराळाच्या डब्यावरून मला कळे. माझ्याकडे येईपर्यंत त्यातल्या शंकरपाळ्या अर्ध्या झालेल्या असत.

बाईंच्या दहाव्याला डिंडोलीत त्यांच्या घरी गेले होते. छोटी खोली, माणसं दाटीवाटीने बसलेली. बोलता बोलता छताचा पंखा थांबला. आणि एकाच वेळी जवळजवळ अख्खी खोली उठून उभी राहिली. कोणाच्या खिशातून टेस्टर निघाला, कोणाच्या पर्समधून पक्कड. कोणी स्टूल ओढलं, कोणी मेन स्विचकडे धावलं. आपण सगळेच उठलो आहोत हे लक्षात आल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि मग त्यातले बरेच जण रडायला लागले. बसून राहिलो होतो ते मी आणि रसवाला. त्याने मला ओळखलं. "बाई, माझा अर्ज तुम्हीच भरला होता," तो म्हणाला. हे लक्षात ठेवणारा तो एकटाच निघाला.

पंखा सुरू झाल्यावर दीपाली माझ्याजवळ येऊन बसली. मोडक्या वस्तूंची पिशवी बाईंनी तिला आधीच देऊन ठेवली होती. मला वाटलं होतं, तसंच.

"तुमच्यासाठी निरोप आहे, बाई," ती म्हणाली. "म्हणाल्या, प्रधानबाईंना सांग, माझा स्टेपलर त्यांच्याकडे आहे. त्याचं अजून काही केलं नसेल त्यांनी."

केलेलं नव्हतं. घरी येऊन कपाट उघडलं. डबा वरच्या कप्प्यात होता, चिठ्ठी जशीच्या तशी.

सई, त्यांच्या पिशवीतलं कुलूप तू न विचारता तिकडे घेऊन गेलीस, हे मला ठाऊक आहे. व्हिडिओ कॉलवर तुझ्या टेबलावर दिसतं. माझा फोटो तिथे दिसत नाही. ते कुलूप तू मला उघडून आणि बंद करून दाखवलंस, त्याला तीन-चार महिने झाले असतील. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर बाई काय देणार होत्या, हे मला चांगलं माहीत आहे. ते मी त्यांच्या नावाने देणार नाही. माझ्या नावाने देते: जा.

काल मी तुझ्या आईला फोन केला. ती पुष्कळ बोलली. पदवी, भविष्य, ठिणग्या, डोळे. मी म्हटलं, सईला काही समजावू नकोस. तू स्वतः त्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ये, काहीतरी हातात घे आणि मग नाही म्हण. ती म्हणाली, "आई, तू असं कधीपासून बोलायला लागलीस?" मी म्हटलं, मी नेहमीच असं बोलत आले आहे. गुरुवारी जाते म्हणाली. तू सोबत जाऊ नकोस. अर्ज आला की मला पाठव, मी एकदा नजर घालेन.

आज दुपारी कुरियरने एक छोटं पार्सल टाकलं आहे. त्यात एक डबा आहे आणि डब्यात एक स्टेपलर. चिठ्ठी मी काढून टाकली आहे. मोडेल शे, मरेल नही. त्याचं काय करायचं ते मी सांगणार नाही. पण जे करशील ते आधी मला कळव. दीपालीला नंतर सांगितलंस तरी चालेल. आधी मला.