पट्टा नसलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात शर्यतीच्या एका लाल गाडीत डोकावलो आणि चरकलो. एवढ्या वेगाच्या गाडीत सीटबेल्टच नव्हता. काढून ठेवला असेल, असं वाटून मालकांना विचारलं.

"कधी नव्हताच," ते म्हणाले. "त्या काळी बरेच ड्रायव्हर, अगदी जगज्जेतेही, बेल्ट नकोच म्हणायचे. धडक झाली की पेट्रोल पेटायचं. आत अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा हिशेब."

हा कसला हिशेब, असं मला वाटलं. शेजारी उभी असलेली आई मात्र म्हणाली, "मी तरी काय वेगळं सांगते? त्या पट्ट्यात अडकून मरायचं का माणसानं?"

तिच्या कष्टांवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, गाडी घेतली. त्या गाडीत ती बेल्ट लावत नाही. समजावून मी थकलो. आणि शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईची भीती जगज्जेत्यांचीही होती! वेगाला न भिणारी ती माणसं शर्यतीला निघताना कसं मरायचं नाही, एवढंच ठरवून निघत होती. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असेल का?

आईनं विचारलं, "मग फेकलेले वाचायचे का हो?"

"थोडे वाचले, मावशी. बरेच गेले."

ती त्या अरुंद सीटकडे बघत राहिली. "आणि त्यांच्या आया?"



घरी निघताना ती माझ्या शेजारी बसली आणि पट्टा हातात घेऊन म्हणाली, "हा सोडायचा कसा, ते आधी दाखव. मग बांधते."